सत्त्याण्णवचे एकशेतेवीस

त्या माणसाला सगळे ‘उद्या’ म्हणत. गिऱ्हाइके तोंडावर ‘उद्याकाका’ म्हणत आणि पाठीमागे नुसतेच ‘उद्या’; शेजारचा वेल्डर, ज्याने आयुष्यात कोणाचीही भीड बाळगली नव्हती, तो भर रस्त्यातून ‘उद्याशेठ’ अशी हाळी घालत असे. नाव एखाद्या टंगळमंगळ करणाऱ्या माणसाला शोभणारे होते, आणि त्याला न ओळखणाऱ्यांचा तसा समज होतही असे. वस्तुतः त्या रस्त्यावर त्याच्याइतका वक्तशीर कारागीर दुसरा नव्हता. एकतीस वर्षे तो नवाच्या ठोक्याला शटर उघडत आला होता, आणि त्या एकतीस वर्षांत ब्लॉक घेऊन दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसाला त्याने एकच उत्तर दिले होते : उद्या.

याला कारण होते. मोटारसायकलीच्या इंजिनात पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली धावतो, त्याला ब्लॉक म्हणतात. धावून धावून ते नळकांडे आतून झिजते, त्याचा गोल बिघडतो. मग ते आतून कातून पुन्हा गोल करायचे आणि त्यात किंचित मोठा पिस्टन बसवायचा. याला बोअर करणे म्हणतात, आणि हाच त्याचा व्यवसाय. पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये फट ठेवायची ती मिलिमीटरचे तीन शतांश. जास्त राहिली तर इंजिन खडखडते; कमी राहिली तर तापल्यावर पिस्टन फुगतो आणि भिंतीला चिकटतो. आता, कातताना आणि घासताना ब्लॉक तापतो, तापला की पसरतो, आणि पसरलेला ब्लॉक मोजला तर तो आहे त्याहून मोठा भरतो. म्हणून उद्याचा नेम असा, की शेवटच्या घासणीआधी ब्लॉक आणि त्याचा पिस्टन, दोघांनाही दुकानातल्या काळ्या सपाट दगडावर शेजारीशेजारी ठेवायचे, वर स्वच्छ फडके टाकायचे आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. सकाळी दोघे सारखे थंड झाले, की मोजायचे, उरलेले केसभर घासायचे आणि मगच द्यायचे. इतर दुकानांत हे काम दोन तासांत होई. इतर दुकानांतले ब्लॉक सहा महिन्यांनी त्याच्याकडे येत.

“काका, आजच द्या ना. रविवारी शर्यत आहे,” एखादा तरणाबांड गयावया करी.

“मग शर्यत सोमवारी ठेवायला सांग.”

“दुसरीकडे दोन तासांत देतात.”

“देतात ना? मग इथे कशाला घाम गाळतोयस? जा की.”

तो जात नसे. चडफडत उभा राही, वेल्डरच्या दुकानात जाऊन गाऱ्हाणे सांगे, आणि वेल्डर मोठ्याने म्हणे, “अरे, त्याच्या त्या दगडावर ब्लॉक आणि पिस्टन एकमेकांची ओळख करून घेतात! माणसांची लग्नं याच्यापेक्षा लवकर ठरतात. माझंच बघ, आणि भोगतोयच मी.”

उद्याची बायको डोंगरावरच्या छातीच्या रुग्णालयात प्रयोगशाळेत होती. तपासणीसाठी रक्त काढणे, ते तपासणे, निष्कर्ष लिहिणे, हे काम ती सव्वीस वर्षे करत होती आणि रुग्ण तिला ‘रक्तवाल्या बाई’ म्हणत. रुग्णालय डोंगरावर बांधले, कारण वरची हवा चांगली. ही हवा तेथे जाणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या पायांनी कमवावी लागेल, असा विचार बांधणाऱ्यांनी केला नसावा. त्यांनी बस ठेवली होती. ती बस चार वर्षांपूर्वी ‘प्रवासीसंख्या अपुरी’ या सबबीखाली बंद झाली. बस बंद झाल्यावर प्रवासीसंख्या शून्य झाली, म्हणजे निर्णय बरोबरच होता असे सिद्ध झाले. सर्व कर्मचाऱ्यांनी सह्या करून अर्ज केला. पाच महिन्यांनी उत्तर आले की आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. नोंद घेणे हे असे एक कार्य आहे, की ते एकदा पार पाडले म्हणजे दुसरे काहीही करावे लागत नाही.

तेव्हापासून उद्या तिला मोटारसायकलवरून वर सोडू लागला. मोटारसायकल जुनी, इंजिन सत्त्याण्णव सीसीचे. सपाटीवर ती गुणी होती. डोंगराच्या सात वळणांपैकी चार वळणे दोघांना घेऊन कुरकुरत चढे. पाचव्या वळणावर, पाण्याच्या टाकीपाशी, पहिल्या गिअरमध्येही तिचा जीव जाऊ लागे. तेथे बायको त्याच्या खांद्यावर दोनदा बोटे दाबी. तो थांबे, ती उतरे, आणि तो तिची पिशवी घेऊन एकटा वर जाऊन फाटकापाशी उभा राही. ती चालत येई. पहिल्या वर्षी बारा मिनिटे लागत. मग उजवा गुडघा दुखू लागला आणि बाराची पंधरा झाली.

ही तीन मिनिटे कोठूनही काढता येत नव्हती. घरात उद्याची आई अंथरुणाला खिळून होती आणि तिला एकटे ठेवणे शक्य नव्हते. तिच्याजवळ थांबायला येणारी बाई त्याआधी दुसऱ्या घरचे काम उरकून साडेसातला येई. तिला विनवून पाहिले, पण त्या घरीही एक म्हातारी होतीच. भाड्याची रिक्षा वर जायला तयार नसे, कारण परतीचे भाडे मिळत नसे. म्हणजे साडेसातला निघायचे, पावणेआठला टाकी गाठायची, आणि आठला हजेरीचे मस्टर साहेबांच्या खोलीत जाण्याआधी सही करायची. गुडघा बारा मिनिटे म्हणाला तर सही काळी, पंधरा म्हणाला तर तांबडी.

तिला एक मेमो मिळाला. सहा आठवड्यांनी दुसरा मिळाला. तिसऱ्या मेमोला एक वेतनवाढ कायमची रोखतात, आणि निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ मरेपर्यंत तेवढे निवृत्तिवेतन कमी. गावात बाजारापाशी त्याच रुग्णालयाचे नमुने गोळा करण्याचे केंद्र होते, घरापासून आठ मिनिटांच्या सपाट रस्त्यावर. तेथे बदली द्यावी असा अर्ज तिने चारदा केला होता. चारही वेळा ‘प्रशासकीय कारणास्तव’ नकार आला. कारण विचारायला गेल्यावर मुख्य लिपिकाने सांगितले होते, “बाई, प्रशासकीय कारण सांगायचं नसतं, म्हणून तर ते प्रशासकीय असतं.”

दुसरा मेमो तिने रात्रीच्या जेवणाआधी टेबलावर ठेवला. उद्याने तो वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला.

“गाडीच मोठी घ्या ना एखादी,” ती म्हणाली. “किती वर्षं हिची मनधरणी करायची?”

“एकतीस वर्षं मी लोकांची इंजिनं करतोय आणि मी जाऊन नवी गाडी घेऊ? स्वयंपाक्याच्या घरी जेवण बाहेरून मागवायचं?”

“मागवतात. स्वयंपाकी दमला असेल तर मागवतात.”

“कोण दमलंय?” आतल्या खोलीतून आई ओरडली. तिचे कान नको तेवढे शाबूत होते.

“कुणी नाही, आई. झोपा तुम्ही,” बायको म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, “काय करायचं ते करा. पण तिसरा मेमो मी घेणार नाही.”

त्याच आठवड्यात त्याने ठरवले : इंजिन तेच ठेवायचे आणि मोठे करायचे. गणित सोपे होते. पिस्टनची धाव तीच, साडेएकोणपन्नास मिलिमीटर. पिस्टनचा व्यास पन्नासऐवजी छप्पन्न. सत्त्याण्णवचे एकशेबावीस सीसी होतात. काम मात्र गणिताइतके सोपे नव्हते. ब्लॉकमधली जुनी लोखंडी नळी काढून जाड, मोठी नळी बसवायची. ती खाली इंजिनाच्या पेटीत उतरते, म्हणून पेटीचे तोंडही कातून रुंद करायचे, आणि त्यासाठी सगळे इंजिन उलगडायचे. दुसऱ्या जातीच्या गाडीचा पिस्टन, त्याची पिन जाड, म्हणून पिस्टनच्या दांड्याच्या वरच्या डोळ्यात नवी कडी, म्हणजे बुश. वर हेडमधली पोकळी रुंद करायची, कार्बोरेटरला मोठे जेट, क्लचला कडक स्प्रिंगा. शर्यतवाल्या पोरांसाठी त्याने हे सगळे पन्नास वेळा केले होते, आणि पन्नासही वेळा मनातल्या मनात म्हटले होते की हा शुद्ध उथळपणा आहे.

चोरून काही करायचे नाही या बाण्याला जागून तो आधी वाहन नोंदणीच्या कार्यालयात गेला. तेथील माणसाने त्याचे म्हणणे दोनदा ऐकून घेतले.

“रंग बदललात तर फॉर्म आहे,” तो म्हणाला. “इंजिन बदललंत तर फॉर्म आहे. इंजिन तेच आहे आणि मोठं झालंय, असा फॉर्म नाही.”

“मग मी काय करू?”

“साधा अर्ज द्या. साहेबांना विचारतो. उद्या या.”

‘उद्या’ हा शब्द समोरून ऐकण्याचा त्याच्यावर तोवर फारसा प्रसंग आला नव्हता. तो अर्ज देऊन आला. दुसऱ्या दिवशी गेला, तर साहेब दौऱ्यावर होते.

इंजिन उलगडलेल्या आठवड्यात बायकोला वर सोडायची जबाबदारी वेल्डरने घेतली. त्याच्याकडे लोखंडी दारे-खिडक्या पोहोचवण्याची छोटी मालगाडी होती. तिच्यातून ती पाच दिवस अगदी वेळेवर, पण एका बाजूला गजांचा भारा टेकलेल्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचली. पण सोमवारपासून वेल्डरला चार दिवस परगावी एका कारखान्याचे फाटक बसवायला जायचे होते. म्हणजे सोमवारी सकाळी साडेसातला मोटारसायकल दारात उभी असायलाच हवी होती. सोमवारपासून रुग्णालयात वार्षिक तपासणी, त्यामुळे रजा बंद.

पिस्टन गुरुवारी यायचा तो शनिवारी दुपारी आला. सुट्या भागांच्या दुकानदाराने त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली नाही. त्याने खोके पुढे सरकवून नुसते “आला एकदाचा” असे म्हटले, जणू पिस्टन आपल्या पायांनी रमतगमत आला होता. ब्लॉक भट्टीत तापवून नवी नळी आत सोडणे, ती बसल्यावर ब्लॉक निववणे, वरचे तोंड सपाट करणे, यात शनिवार संपला. रविवारी सकाळी बोअर सुरू झाले. दुपारी दोनला कातणे आटोपले, साडेतीनला घासणी शेवटाला आली.

येथे त्याने थांबायला हवे होते. येथेच तो एकतीस वर्षे थांबत आला होता. ब्लॉक दगडावर, पिस्टन शेजारी, वर फडके. पण मग सोमवारी सकाळी मोजणी, उरलेली घासणी, जुळणी, आणि दुपारपर्यंत गाडी तयार. बायको सकाळी साडेसातला निघते.

त्याने ब्लॉकवर तळहात ठेवला. कोमट होता. त्याने तो बाहेर वाऱ्यावर नेऊन ठेवला, स्वतः शेजारी उभा राहिला, आणि दर पाच मिनिटांनी हात लावून पाहू लागला. वेल्डर परगावच्या कामाची अवजारे गाडीत भरत होता. त्याच्यापासून काही लपवायचे नव्हते, पण लपवल्यासारखे झाले.

“काय रे उद्याशेठ, दूध उतू जातंय का? सारखा हात लावतोयस ते.”

“निवतोय का बघतोय.”

“आणि दगड कुठाय तुझा?”

“आज नाही.”

वेल्डरने हातातली साखळी गाडीत टाकली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिले. “एकतीस वर्षं लोकांना वाटेला लावलंस. आज स्वतःच्या घरचं काम आलं आणि दगड रजेवर गेला?”

“तुझी बायको जाते का रोज डोंगर चढून?”

“माझी डोंगर खाली आणायला सांगेल मला,” वेल्डर म्हणाला. “करतोस ते कर. पण तूच तर म्हणतोस की आत्ता मोजलं तर माप खोटं येतं.”

उद्याने अर्धा तास वाट पाहिली. ब्लॉक हाताला थंड लागू लागला. दिवसभर तेलात आणि तापलेल्या लोखंडात वावरलेल्या हाताला सगळेच थंड लागते, हे त्याला दुसऱ्या कोणाच्या बाबतीत चटकन सुचले असते. त्याने मोजले. बरोबर तीन शतांश. त्याने शेवटची घासणी केलीच नाही, कारण मापाप्रमाणे तिची गरजच उरली नव्हती. संध्याकाळपर्यंत जुळणी झाली. इंजिन दुसऱ्याच लाथेला सुरू झाले, आणि त्याचा आवाज पूर्वीपेक्षा जाड, भरदार आला. सपाटीवर त्याने तासभर, हळूहळू, ती चालवून पाहिली. कोठे कुरकुर नाही, धूर नाही. नव्या बोअरला पहिले पाचशे किलोमीटर ओझे द्यायचे नाही, चढ तर मुळीच दाखवायचा नाही, हे वाक्य तो गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवत असे की ते त्याच्या तोंडी वसलेले होते. त्या संध्याकाळी त्याने ते स्वतःला ऐकवले नाही.

सोमवारी सात एकतीसला ते निघाले. पहिले वळण तिसऱ्या गिअरमध्ये गेले. दुसरेही. मागून बायकोने पिशवी मांडीवर नीट घेतल्याचे त्याला जाणवले, जसे माणूस लांबच्या प्रवासाला बसल्यावर सावरून बसतो. तिसऱ्या वळणावर घड्याळात सात एकोणचाळीस झाले होते. इतक्या लवकर ते तेथे बस बंद झाल्यापासून कधी आले नव्हते.

चौथ्या वळणाच्या अलीकडे आवाज जड झाला. त्याने गिअर खाली टाकला. मग आतून एक बारीक किंकाळीसारखा आवाज आला. त्याची दोन बोटे सवयीने क्लचवर होतीच. त्याने तो दाबला, म्हणून मागचे चाक अडकले नाही आणि दोघे पडले नाहीत. गाडी दोन हात पुढे जाऊन उभी राहिली. इंजिन बंद. डोंगरावर फार शांत असते.

“काय झालं?”

“पकडलं.”

“म्हणजे?”

“पिस्टन चिकटला. माझी चूक आहे. मी काल गरम...”

“चूक मग सांगा. पिशवी तशीच असू द्या माझ्याकडे. किती वाजले?”

“बेचाळीस.”

ती निघाली. चौथ्या वळणापासून फाटक म्हणजे धडधाकट माणसाला बावीस मिनिटे. उजवा पाय किंचित बाहेर टाकत, एका हाताने मांडी दाबत ती वळणाआड गेली. तो गाडीपाशी उभा राहिला. मागून जाऊन तरी काय करणार होता. तिला उचलून नेणार होता का? त्याने ब्लॉकवर हात धरला. धरवत नव्हता.

आठ वाजून नऊ मिनिटांनी तिने तांबड्या शाईने सही केली. अकराला मेमो मिळाला. वार्षिक तपासणीच्या दिवशी कार्यालयाची कार्यक्षमता अशी दृष्टीस पडते.

गाडी उतारावरून बंदच खाली आणून त्याने दुकानात इंजिन उघडले. पिस्टनवर दोन्ही अंगांनी उभे ओरखडे होते. रात्रभर दगडावर ठेवून मंगळवारी सकाळी त्याने ब्लॉक मोजला. वरच्या-खालच्या, न घासटलेल्या भागात फट पावणेदोन शतांश. सव्वा शतांश कमी. रविवारी दुपारी त्याला जे तीन दिसले, त्यातले सव्वा नुसत्या उबेचे होते.

मेमोला खुलासा द्यायचा असतो. तो लिहिण्याची जबाबदारी त्याने अंगावर घेतली आणि दोन पाने लिहिली. लोखंड व अॅल्युमिनियम यांच्या प्रसरणातील फरक, घासणीनंतरची उष्णता, मोजणीतील चूक व ती करणाऱ्याचे नाव, असे सगळे त्यात क्रमवार होते. बायकोने ती पाने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली.

“यात ‘शतांश’ हा शब्द सात वेळा आलाय.”

“सातच? मला वाटलं...”

“हे मी दिलं तर माझा गुडघा सोडून ते माझं डोकं तपासतील.” तिने दुसरा कागद घेतला आणि लिहिले : ‘वाहन बंद पडल्यामुळे उशीर झाला.’ मग त्याची दोन पाने घडी करून कपाटात ठेवली.

“ती फाडून टाक ना.”

“असू दे. एवढं खरं कुणी कधी लिहून दिलं नाही मला.”

गुडघा त्या संध्याकाळपासून सुजला होता. ज्या रुग्णालयाने तिला उशिराबद्दल मेमो दिला, त्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तिला आठवडाभर विश्रांती लिहून दिली, आणि दोन्ही कागदांवर मुख्य लिपिकानेच शिक्का मारला. शनिवारी घरी आदेश आला. एक वेतनवाढ कायमची रोखण्यात येत आहे. शिवाय, वारंवार उशीर करण्याच्या वर्तनामुळे मुख्य प्रयोगशाळेसारख्या जबाबदारीच्या जागी त्यांना ठेवणे उचित नसल्याने, शिक्षेदाखल त्यांची बदली बाजारातील नमुना संकलन केंद्रात करण्यात येत आहे. सोमवारी सकाळी मुख्य प्रयोगशाळेचा कार्यभार सोपवून तेथे रुजू व्हावे.

तिने आदेश दोनदा वाचला.

“चार वर्षं मागत होते ती जागा,” ती म्हणाली. “हात जोडून मागितली तेव्हा दिली नाही. आता तोंडात मारून देतायत.”

“जवळ आली ना पण?” आतून आई म्हणाली. “घ्या की.”

“घेणारच आहे, आई. नाही कुठे म्हणतेय?”

परगावाहून परतलेल्या वेल्डरला हे सगळे रविवारी कळले. तो दुकानात शिरला तेव्हा काळ्या दगडावर फडके होते आणि फडक्याखाली दोन उंचवटे. ओरखडलेला पिस्टन कामातून गेला होता. त्या जातीचा पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन मिळत होता, तो मागवून उद्याने ब्लॉक पुन्हा कातला होता. शुक्रवारी कातून दगडावर ठेवला, शनिवारी मोजून घासला आणि पुन्हा दगडावर ठेवला.

“दोन रात्री?” वेल्डर म्हणाला.

“दोन.”

“आणि आता गरज काय आहे? वहिनी तर खाली आल्या.”

“उद्या शेवटचं वर जायचंय. कार्यभार द्यायला.”

“मी सोडतो की गाडीतून. गज काढून ठेवतो, झालं तर.”

“नको,” उद्या म्हणाला. फडके बाजूला करून त्याने मोजायला घेतले. वेल्डर वाकून पाहू लागला. “तीन,” उद्या म्हणाला. मग पिस्टन फिरवून पुन्हा मोजले. “तीनच.”

“किती सीसी झाली आता?”

“एकशेतेवीस.”

“घे. चिकटल्यावर एक वाढली. अजून दोनचार वेळा चिकटव, ट्रक होईल.”

त्या दिवशी, जुळणी झाल्यावर, उद्याने सपाट रस्त्यावर पाच तास गाडी चालवली. पाचशे किलोमीटर काही झाले नाहीत, पण दीडशे झाले, आणि प्रत्येक तासाने थांबून त्याने ती निवू दिली.

सोमवारी ते सात एकतीसला निघाले. आज उशीर झाला असता तरी कोणी मेमो देणार नव्हते, पण सव्वीस वर्षांची सवय आदेशाने बदलत नाही. तिच्या पिशवीत रसायनांच्या कपाटाच्या किल्ल्या, साठ्याची यादी आणि आदेशाची प्रत होती. पहिली तीन वळणे तो मुद्दामच सावकाश चढला. चौथ्या वळणावर त्याने श्वास रोखला, आणि मग त्याला कळले की मागे तिनेही रोखला आहे. इंजिन एका लयीत चालत राहिले. पाचव्या वळणावर, पाण्याच्या टाकीपाशी, तिने त्याच्या खांद्यावर दोनदा बोटे दाबली.

तो थांबला नाही.

“अहो, टाकी आली,” ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आले आणि तिने हात तसाच खांद्यावर ठेवला. सहावे वळण गेले. सातवे गेले. फाटकापाशी थांबले तेव्हा सात एक्कावन्न झाले होते.

मस्टर अजून बाहेरच्या टेबलावर होते. ती सवयीने त्याच्याकडे गेली, पेन काढले, आपले पान उघडले. तिच्या नावावर आडवी रेघ होती आणि शेजारी ‘बदली’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. मुख्य लिपिक नुकताच येऊन रुमालाने खुर्ची झटकत होता.

“बाई, तुमची सही आता खाली. इथे नाही.”

“आज मी नऊ मिनिटं आधी आलेय,” ती म्हणाली.

“असाल. पण लिहू कुठे?”

तिने पेनाला टोपण लावले. कार्यभार सोपवायला अर्धा तास लागला. किल्ल्या मोजल्या गेल्या, बाटल्या मोजल्या गेल्या, यादीवर तीन ठिकाणी सह्या झाल्या. कोणीतरी चहा विचारला आणि आणला नाही. ती बाहेर आली तेव्हा उद्या गाडीपाशी उकिडवा बसला होता आणि ब्लॉकपासून वीतभर अंतरावर तळहात धरून होता.

“चला. खाली रुजू व्हायचंय मला,” ती म्हणाली. “काय करताय?”

“निवतंय. पाच मिनिटं थांब.”

“उताराला जायचंय. उताराला काय इंजिन लागतं?”

“लागत नाही,” तो म्हणाला, पण उठला नाही.

तिने पिशवी सीटवर ठेवली, फाटकाच्या कठड्याला टेकली आणि उजवा पाय सैल सोडला. खाली सातही वळणे दिसत होती. पाच मिनिटांनी त्याने ब्लॉकवर हात टेकवला, मग काढला.

“अजून थोडं,” तो म्हणाला.